योगायोगाने बरोबर आलेलं उत्तर हे ज्ञान का?

तर्कट:
घड्याळ पावणेचारला बंद पडलंय. मला ते ठाऊक नाही. मी बघतो तेव्हा नेमके पावणेचारच वाजलेत. माझी समजूत खरी, तिला आधारही आहे, कारण हे घड्याळ कधी चुकलं नव्हतं. मग वेळ मला 'माहीत' होती का? उदाहरण तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलचं. पुढे १९६३ मध्ये तत्त्वज्ञ एडमंड गेटियरने जेमतेम तीन पानांत असेच दोन दाखले देऊन 'साधार खरी समजूत म्हणजे ज्ञान' या व्याख्येला सुरुंग लावला म्हणतात. मला तसं वाटत नाही. व्याख्या ठीक आहे, आधार कच्चा होता. सेकंदकाटा हलतोय का, एवढं तरी बघायचं!

मुठीतल्या_कवड्या:
आणि काटा हलत असून घड्याळ तासभर मागे असेल तर? चूक होऊच शकणार नाही इतका पक्का आधार मागितलात, तर आपलं नावसुद्धा खात्रीने सांगता येणार नाही. शिवाय गेटियरचं कौतुक जरा आवरा. आठव्या शतकातल्या बौद्ध तर्कपंडित धर्मोत्तराचा दाखला बघा: मांस भाजायला नुकताच विस्तव पेटवलाय, धूर अजून नाही, पण वासाने किड्यांचा थवा जमलाय. लांबचा माणूस त्यालाच धूर समजतो आणि म्हणतो, "तिथे आग आहे." आग आहेच! वेदान्ती श्रीहर्षाने बाराव्या शतकात मुठीतल्या कवड्यांचा अंदाज अचूक निघाल्याचा दाखला दिला, माझा आयडी तिथूनच.

निमूट_वाचक:
दोघेही आधार मोजत बसलात. समजूत कुठून आली ते विचारा. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, प्रमाण (खरं ज्ञान देणारं साधन) मागतात ते यासाठीच. तत्त्वज्ञ ऑल्विन गोल्डमननेही १९६७ मध्ये हेच धरलं: वस्तुस्थितीनेच ती समजूत घडवलेली हवी. विस्तवाने थवा ओढला, थव्याने धुराचा भास दिला...

मुठीतल्या_कवड्या:
थांबा, म्हणजे साखळी जुळली की! तुमच्या हिशेबाने त्या माणसाला आग माहीत होती.

निमूट_वाचक:
मध्ये भ्रम आहे ना. भ्रमाची कडी चालणार नाही.

तर्कट:
मग गोल्डमनचाच १९७६ मधला लेख काढा. रस्त्याकडेला कोठारांचे नुसते दर्शनी पुठ्ठे उभे आहेत, खरं कोठार एकच, आणि माणसाची नजर नेमकी त्यावर पडते. भ्रम कुठेच नाही, साखळी अखंड. तरी ते ज्ञान नाही, असं गोल्डमन स्वतःच म्हणतो.

निमूट_वाचक:
तिथे मी गोल्डमनच्या विरुद्ध. त्याला कोठार दिसलं, त्याने ओळखलं. शेजारी पुठ्ठे आहेत हा त्याचा गुन्हा नव्हे.