क्लॅटची तयारी : बारावीतली मुलगी, इंग्लिश वाचनात अडकलीय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईजवळच्या एका गावात संध्याकाळी मुलांची शिकवणी घेतो. त्यातली बारावी आर्ट्सची एक मुलगी, गावडा समाजातली, चवथीची सुट्टी संपल्यावर आली आणि म्हणाली सर मला वकील व्हायचंय, ती क्लॅट म्हणतात ती, लॉ युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा, द्यायचीय. कारण विचारलं तर घरी नेऊन एक पिशवी दाखवली, साड्यांच्या दुकानाची, आत वडिलांच्या काजूच्या जमिनीच्या वनहक्क दाव्याचे (कसत असलेल्या जंगलजमिनीवर हक्क मिळावा म्हणून केलेला) सगळे कागद, हा दावा कित्येक वर्षं लोंबकळतोय आणि दर सुनावणीला कागद वाचून दाखवायला गावातलं कोणीतरी शोधावं लागायचं, आता हीच जाते.

आता अडचण. मी जुना पेपर काढला, फोनवर टायमर लावला. साडेचारशे शब्दांचा उतारा, पोरगी ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचतेय, नुसत्या वाचनालाच सात मिनिटं गेली. आणि तिथे १२० मिनिटांत १२० प्रश्न, वर चुकलं की पाव मार्क कट! तिचा तरी काय दोष, चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून नावाला इंग्लिश मीडियम पण वर्गात सगळं मराठीतच समजावतात. तोच उतारा मी मराठीत सांगितला तर पाचही उत्तरं बरोबर, त्यातल्या एकावर तर माझ्याशीच भांडली आणि उत्तरपत्रिका बघितली तर मीच चुकलो होतो 😄

म्हणजे डोकं आहे, वाचन नाही. डिसेंबरमधल्या परीक्षेपर्यंत हे होईल का? कोणी असं शून्यातून केलंय का? शामनाद बशीर सरांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या इडिया संस्थेबद्दल वाचलं, गरीब घरच्या मुलांना क्लॅटसाठी तयार करतात, गोव्यात त्यांचं कोणी आहे का? फॉर्मचे अनुसूचित जमातीला (एसटी, गावडा त्यातच येतात) साडेतीन हजार, ते मी बघतो. वडील नाही म्हणत नाहीत, फक्त "पाच वर्षं?" एवढंच विचारतात.

प्रतिसाद १
क्लॅट कशाला? मिरामारचं साळगावकर लॉ कॉलेज आहे, मडगावचं कारे आहे, पाच वर्षांचा बीए एलएलबी तिथेही होतो. लॉ युनिव्हर्सिटीत वर्षाला दोन लाखांच्या वर फी, कुठून आणणार? उगाच पोरीला आशेला लावू नका.

प्रतिसाद २
मी क्लॅट देऊनच लॉला लागलो, पेडण्याचा आहे, मराठी शाळेतलाच. तीन महिन्यांत स्पीड थोडा वाढतो, जादू होत नाही. रोज एक इंग्लिश अग्रलेख, वाचून झाला की पेपर बंद आणि लेखकाचं म्हणणं दोन ओळीत मराठीत लिहायचं. बोट आधी सोडवा. पेपरातले लीगलचे (कायद्याच्या विभागातले) उतारे पहिले सोडवू द्या, तिथे कायदा पाठ लागत नाही, नियम उताऱ्यातच दिलेला असतो, आणि तुमची मुलगी त्यातच तरबेज दिसतेय. सगळे १२० सोडवायचा हट्ट नको. एसटीसाठी राखीव जागा असतात आणि बारावीला ४० टक्के पुरतात. फीसाठी गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनचं बिनव्याजी कर्ज आहे, नियम नीट वाचून घ्या.

धागाकर्ता
@१ तुमचं चुकीचं नाही हो, साळगावकरच्या मुलांचा लीगल एड सेल (लोकांना कायद्याची मदत करणारा गट) बघूनच तर तिला वकिलीचं सुचलं, ते दुसरं दार उघडं ठेवलंच आहे. पण परीक्षेला न बसताच जमणार नाही म्हणायचं हे मला पटत नाही.
@२ खूप आभार! बोट आजपासून बंद, हाताची घडी घालून बसवलंय, चिडलीय जाम. अजून एक, परीक्षा कागदावर असते आणि ही फोनवर वाचतेय, कोणाकडे छापलेले जुने पेपर पडून असतील तर सांगा, वाळपई स्टँडवर येऊन घेऊन जाईन.