पुढारी बांधावर येतात, पण ऐकतात का?

तितूरकाठचा: ३१ ऑगस्ट २०२१. तितूर आणि डोंगरी नद्यांचा पूर चाळीसगावात शिरला, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. आमच्या गोठ्यातल्या दोन म्हशी रात्रीतून वाहून गेल्या. तिसऱ्या दिवशी पुढारी साहेब आले. आई तुटलेलं दावं हातात धरून उभी होती. साहेबांनी हात जोडले, 'शासन पाठीशी आहे' म्हणाले आणि गाडीत बसले. आईला एवढंच विचारायचं होतं: म्हशींची मढी सापडलीच नाहीत, तर शवविच्छेदनाचा दाखला आणू कुठून? दाखला नाही म्हणून पंचनाम्यात म्हशी नाहीत. पैशाइतकंच हे न ऐकणं जिव्हारी लागतं.

धुळेकर: भाऊ, माऊलीचं दुःख खरं आहे, पण तुमचं म्हणणं पटत नाही. पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक करतात. दौरा ठरला की हीच माणसं ताफ्यामागे पळतात आणि इकडे पंचनामे खोळंबतात. पुढाऱ्यानं मुंबईतच बसावं, खात्यात पैसे टाकावेत. मदतीसाठी किमान ३३ टक्के पीक नुकसानीची अट रडून बदलत नाही.

तितूरकाठचा: अट नाही, पण मदतीचा दर बदलला ना? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यानं जिरायतीला हेक्टरी ६,८०० ऐवजी १०,००० आणि बागायतीला १३,५०० ऐवजी १५,००० जाहीर केले. बांधावर कोणी ओरडलंच नसतं तर झालं असतं?

रावेरची केळीवाली: मी धुळेकरांच्या बाजूनं. आमच्याकडे मे-जूनच्या वादळात निसवलेली, म्हणजे घड लागलेली बाग आडवी होते. पुढारी येतात, पडलेल्या घडाला हात लावून फोटो काढतात. फळपीक विम्यात वाऱ्याचा वेग मात्र हवामान केंद्राच्या नोंदीवर धरतात. माझ्या शिवारात खोडं मोडली आणि केंद्रावर तेवढा वारा नोंदलाच गेला नाही, तर साहेबांनी तासभर ऐकून मला काय मिळणार? केंद्रं वाढवा, तेही जवळ जवळ.

तितूरकाठचा: ताई, केंद्र कुठं कमी पडतं हे तुम्हालाच ठाऊक, आणि ते कोणी ऐकल्याशिवाय वाढणार कसं?

ताफ्याबद्दल धुळेकरांचं बरोबर आहे. पण पुढचं सांगतो. दहाव्या दिवशी तलाठी बाई आल्या. ओट्यावर आईशेजारी बसल्या, अहिराणीत म्हणाल्या, "काय व्हयनं माय? बठ्ठं सांग." म्हणजे काय झालं, सगळं सांग. आईनं म्हशींची नावं सांगितली, कोणती किती दूध द्यायची तेही सांगितलं. बाईंनी कानातल्या बिल्ल्याचे नंबर विचारून लिहून घेतले. त्या रात्री आई पहिल्यांदा पोटभर जेवली.

धुळेकर: म्हणजे माझंच खरं झालं. ऐकलं ते तलाठी बाईंनी.

तितूरकाठचा: ऐकलं त्यांनीच. पण दाखल्याची अट शिथिल करायचा अधिकार त्यांना नव्हता. तसा शब्द वर टाकू शकणारा माणूस सात दिवस आधी आईसमोरून गाडीत बसून गेला होता.