मदत हवी आहे: चूक सुधारली, पण जुनीच पीडीएफ फिरतेय

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या भूगोलाच्या ४० स्वाध्यायपत्रिका केल्या आणि पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर सोडून दिली. भरपूर फिरली, मीही खूश.

परवा शेजारच्या तालुक्यातल्या एका बाईंचा फोन. "सर, कळसूबाई किती मीटर?" म्हटलं, १६४६. "मग तुमच्या पानावर १४६४ का?" बघतो तर खरंच! इतकी वर्षं पोरं तेच पाठ करतायत. शिवाय उस्मानाबाद, औरंगाबाद ही नावं २०२३ ला बदलली, अहमदनगरचं २०२४ ला अहिल्यानगर झालं. नकाशात सगळं जुनंच.

मूळ फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली. मजकूर कॉपी केला की नुसत्या खुणा उमटतात. रात्री बसून ती दोन पानं नव्याने टाइप केली, ग्रुपवर टाकली. दोन दिवसांत त्याच ग्रुपवर कुणीतरी जुनीच प्रत "अत्यंत उपयुक्त, सर्वांना पाठवा" म्हणून फॉरवर्ड केली.

दुसरी अडचण मीच करून ठेवलेली. कुणी छेडछाड करू नये म्हणून तेव्हा सीसी बाय-एनसी-एनडी हा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना टाकला होता, म्हणजे माझं नाव देऊन वाटा, पण धंद्यासाठी नको आणि बदललेली प्रत वाटायची नाही (हेच ते एनडी). बाईंनी नकाशा माझ्यापेक्षा सुबक करून ठेवलाय, पण विचारतात, "तुमच्या एनडीमुळे वाटता येईल का?" आता परवाना बदलता येतो का? चित्रं एका सहकाऱ्याने काढलेली आहेत.

—

प्रतिसाद: सर, बदलता येतो. मजकूर तुमचा आहे, नवी आवृत्ती बाय-एसएवर काढा (नाव देऊन, बदल करूनही वाटता येतं, फक्त परवाना तोच ठेवायचा); चित्रांसाठी सहकाऱ्यांची लेखी संमती घ्या. ज्यांच्याकडे जुनी प्रत आहे त्यांचा जुना परवाना मात्र तसाच राहतो, तो परत घेता येत नाही. बाईंना तर तुम्ही आजच वेगळी परवानगी देऊ शकता, दोन ओळींचा मेल पुरे.

आणि फाइल पाठवू नका, लिंक पाठवा. गूगल ड्राइव्हवर त्याच फाइलची नवी आवृत्ती चढवली तर लिंक बदलत नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्ती, तारीख आणि त्या लिंकचा क्यूआर छापा. झेरॉक्स हातात आली तरी ताजी प्रत सापडेल.

—

धन्यवाद! क्यूआर डोक्यातच आला नव्हता. बाईंना आत्ताच मेल करतो. उरलेली ३८ पानं टाइप करायला कुणी हात लावेल का?