कोकणातले मालकीचे रान: दंड वाढवावा, की उभ्या झाडाचे मोल द्यावे?

सड्यावरची (चर्चाप्रस्ताव; प्रत्येक मजकुरावरचे नाव हे लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला दोन डोंगरउतार शेजारी शेजारी आहेत. एक देवराईचा, जिथली वाळलेली काटकीही कोणी घरी आणत नाही. दुसरा चौदा खातेदारांच्या सामाईक मालकीचा. तो चार वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याला उक्ता (सगळी झाडे एकगठ्ठा ठोक किमतीला) विकला गेला आणि यांत्रिक करवतींनी तीन आठवड्यांत उघडाबोडका झाला. देवराईखालचा झरा मे महिन्यातही हंडा भरून देतो. सामाईकाखालचा वहाळ पूर्वी शिमग्यापर्यंत वाहत असे, तो आता संक्रांतीच्या आधीच आटतो, आणि पहिल्या पावसात त्याच वहाळातून उतरलेला तांबडा गाळ खालच्या खाचरांत पसरतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विनापरवाना वृक्षतोडीचा दंड १,००० रुपयांवरून ५०,००० रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला, तेव्हापासून आमच्याकडे यावर वाद सुरू आहे. दंड वाढावा असे मलाही वाटते. परंतु रत्नागिरी-सिंधुदुर्गात सरकारी वन अगदी थोडे असून बहुतेक रान खासगी मालकीचे आहे, आणि त्या मालकाला झाडाचा पैसा एकदाच, तोही झाड आडवे झाल्यावरच मिळतो. हे गणित बदलल्याशिवाय नुसत्या दंडाने हे रान टिकणार नाही. माझे म्हणणे असे की डोंगर सरसकट साफ करणे बंद व्हावे, निवडक तोडीचा परवाना सोपा व्हावा आणि जो रान राखतो त्याला दरवर्षी मोबदला मिळावा.

सामाईक सातबारा

आपल्या कळकळीबद्दल आदर बाळगूनही मला हे पटत नाही. आमच्याही डोंगराच्या सातबाऱ्यावर अकरा नावे आहेत, त्यांतली सात मुंबईत आहेत. धाकट्या काकांचे डायलिसिस सुरू झाले तेव्हा डोंगराच्या एका कोपऱ्यातले किंजळ आणि ऐन विकूनच पहिल्या वर्षाचा खर्च निघाला. ती झाडे आमच्या आजोबांनी वणव्यापासून राखली होती. गरजेच्या वेळी ती विकण्याचा अधिकार नसेल, तर राखण्याला अर्थ काय उरतो?

राखणाऱ्याला काय मिळते, याचा अनुभव आपल्या जिल्ह्यांनी घेतलेला आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात ‘वन’ या शब्दाचा कोशातला अर्थ ग्राह्य धरला आणि मालकी कोणाचीही असो, जिथे जंगल आहे तिथे वन कायदा लागू केला. त्यानंतर सिंधुदुर्गातल्या कितीतरी खासगी जमिनींना वनसंज्ञा लागली, म्हणजे त्या कायद्याने ‘वन’ ठरल्या आणि त्यांच्या वापरावर बंधने आली. ज्याने डोंगर साफ करून काजू लावले होते, त्याला त्रास झाला नाही. ज्याने झाडे उभी ठेवली, तोच अडकला. म्हणून आमच्याकडची वडीलधारी माणसे आजही सांगतात की रान फार दाट होऊ देऊ नका.

नदीकाठ

गरजेपोटी चार झाडे विकणारा मालक आणि अख्खा डोंगर उक्ता घेणारा व्यापारी यांत फरक करायलाच हवा, हे मान्य. पण हजार रुपयांचा दंड व्यापारी डिझेलच्या खर्चात धरतो. दंड मोठा असल्याशिवाय परवाना मागायला कोणी जाणारच नाही. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने आंबा, फणस, चिंच, हिरडा, जांभूळ, खैर, ऐन, किंजळ अशा १६ प्रकारच्या झाडांना संरक्षण दिलेले आहे. तरीही खैराचे ओंडके कातभट्टीकडे जायचे थांबलेले नाहीत. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात २०१३ पासून उच्च न्यायालयाची तोडबंदी असूनही तिथे रबर आणि अननसासाठी डोंगर उघडे होत राहिले. अशा परिस्थितीत ‘परवाना सोपा करा’ म्हणणे मला धोक्याचे वाटते.

शिवाय निवडक तोडीत नेमके काय निवडले जाते? घेराने मोठे झाड. धनेशाची मादी अशाच जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि पिल्ले वाढेपर्यंत नर बाहेरून एका फटीतून तिला फळे भरवतो. करवती फिरतात त्याही नेमक्या याच उन्हाळ्याच्या महिन्यांत. अशा ढोल्या सातविणीत आणि बेहड्यात असतात, आणि ही दोन्ही झाडे त्या १६ झाडांच्या यादीत नाहीत.

कवळ

झाड तोडणे आणि झाड संपवणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर कोकणातल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. भाताच्या भाजावळीसाठी (रोपांची जमीन भाजण्यासाठी) ऐनाची कवळ, म्हणजे पालेदार फांद्या, तोडताना शेंडा राखला जाई, म्हणून तेच झाड वर्षानुवर्षे टहाळ देत राही. बुंध्यापासून तोडायचेच झाल्यास ऐन आणि किंजळ दोन्ही पुन्हा फुटतात. मात्र खोडावरचा काप जमिनीलगत आणि उतरता असावा लागतो, म्हणजे पावसाचे पाणी त्यावर साचून खोड कुजत नाही. आलेल्या दहा-पंधरा फुटव्यांतले दोन जोमदार ठेवून बाकीचे काढावेत आणि निदान दोन पावसाळे तिथे गुरे व वणवा जाऊ देऊ नये. उक्त्या तोडीत यातले काहीच होत नाही, कारण व्यापाऱ्याला त्या खोडाकडे परत यायचे नसते. मी गेल्या पावसाळ्यात अशा एका उतारावर खोडे पाहिली. गुडघ्याएवढ्या उंचीवर वेडीवाकडी कापलेली, मधोमध चिरलेली, चिरेत पाणी साचलेले. फुटवे आले होते, पण गुरांनी ते खुडले होते. दंड हवाच, पण तो तोडीच्या पद्धतीलाही लागू व्हावा.

सड्यावरची

वनसंज्ञेचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. रान राखल्याची शिक्षा होणार नाही, अशी लेखी हमी सरकारने दिल्याशिवाय कोणत्याही मोबदल्यावर लोक विश्वास ठेवणार नाहीत. मोबदल्याच्या आधी ही हमी यायला हवी, हे मी प्रस्तावातच लिहायला हवे होते. ढोलीच्या झाडांबाबतही माझी चूक मला मान्य आहे. अशी झाडे परवान्याबाहेरच ठेवावीत.

मात्र ‘आमची झाडे, आमचा अधिकार’ हे मी संपूर्ण मान्य करू शकत नाही. डोंगर अकरा जणांच्या सातबाऱ्यावर असेल, पण त्याच्या पोटातून झिरपणारे पाणी खालच्या वाडीच्या विहिरीत येते आणि त्या वाडीचे नाव कोणत्याच उताऱ्यावर नसते. आमच्या खालच्या वाडीतल्या बायका आता एप्रिलपासून टँकरची वाट पाहतात. त्या व्यवहारात त्यांना कोणी विचारले नव्हते.

सामाईक सातबारा

पाण्याचा मुद्दा मला नाकारता येत नाही, कारण आमच्या डोंगराखालीही एक विहीर आहे. दंडाबाबत माझे मत बदललेले नाही. पन्नास हजारांचा धाक व्यापाऱ्यापेक्षा अडलेल्या मालकालाच अधिक बसेल. उरलेल्या रानासाठी सध्या एक बोलणी चालू आहे आणि तिच्यावर माझी एकट्याची सही चालत नाही. परंतु त्या उतारावर दोन जुने बेहडे आहेत, त्यांतल्या एकाला ढोली आहे. ते दोन्ही बेहडे आणि विहिरीच्या वरचा पट्टा व्यवहारातून वगळावा, असे मी मुंबईच्या भावांना या आठवड्यातच कळवतो. बाकीच्या डोंगराचे वचन मला आज देता येत नाही.