दाणापात्रातला ईएसपी३२-कॅम: फोटो रिकामे, धूसर आणि बोर्ड रीस्टार्ट

गवाक्ष:
ठाणे, चौथा मजला, पूर्वेची बाल्कनी. १२ मिमी मरीन प्लायचं दाणापात्र, त्यात ईएसपी३२-कॅम (ओव्ही२६४० कॅमेरा असलेला छोटा वायफाय बोर्ड) आणि पीआयआर (उष्णतेवरून हालचाल टिपणारा) सेन्सर. पक्षी बसला की फोटो टेलिग्रामवर यावा, एवढंच हवंय. पण फोटोत थाळी रिकामी असते, पक्षी आलाच तर धूसर आणि मागची इमारत लख्ख. बोर्ड मधूनच रीस्टार्ट होतो. शिवाय कबुतरं. त्यापेक्षा रास्पबेरी पाय (छोटा संगणक) घेऊ का?

सोल्डरगन:
पाय घेऊन यातलं निम्मं दुखणं तसंच राहील. आधी हे करा.

रीस्टार्ट: वायफाय सुरू होताना बोर्ड एकदम जास्त करंट ओढतो, व्होल्टेज पडतं आणि ब्राउनआउट होतो, म्हणजे बोर्ड स्वतःच रीसेट होतो. ५ व्होल्ट २ अँपिअरचा चार्जर, आखूड जाड केबल आणि ५ व्होल्ट-ग्राउंडमध्ये बोर्डाला चिकटून ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. कोडमध्ये ब्राउनआउट डिटेक्टर बंद करायचा सल्ला जिथे तिथे मिळतो. त्याने फक्त लक्षण झाकलं जातं.

धूसर: लेन्स लांबच्या फोकसवर ठेवून डिंकाने चिकटवलेली असते. ब्लेडने डिंक हळूच कापा आणि लाइव्ह चित्र बघत लेन्स डावीकडे, म्हणजे उघडण्याच्या दिशेने, पाव ते अर्धा फेरा फिरवा. थाळीच्या कडेला छापील कागद उभा करून अक्षरं स्पष्ट दिसेपर्यंत जुळवा. २५ सेंमीवर साधारण ३० सेंमी रुंदी चौकटीत मावते, म्हणजे १५ सेंमीची चिमणी निम्मी चौकट भरते. याहून जवळ जाऊ नका.

रिकामी थाळी: इथे गुन्हेगार दोन. दोन फ्रेम बफर (फोटो तात्पुरता ठेवायच्या जागा) असतील तर कॅमेरा आधीच भरून ठेवलेली जुनी फ्रेम हातात देतो. कोडमध्ये ‘ग्रॅब लेटेस्ट’ मोड लावा, नाहीतर पहिल्या दोन फ्रेम टाकून तिसरी घ्या. फोटो आधी मेमरी कार्डावर, टेलिग्राम मागाहून. कार्ड १-बिट मोडमध्ये चालवा. ४-बिटमध्ये कार्डाची एक लाइन आणि फ्लॅशचा एलईडी एकाच पिनवर येतात, मग दर लिहिण्याला दिवा लुकलुकतो आणि पक्षी उडतो.

दुसरा गुन्हेगार पीआयआर. त्याला उष्णतेतला फरक लागतो. पिसांमुळे चिमणीची उष्णता बाहेर कमी जाणवते आणि एप्रिल-मेमध्ये तापलेल्या प्लायपुढे फरक उरतच नाही. ॲक्रिलिकमागे तर तो आंधळाच. बसायच्या दांडीवर आयआर ब्रेक-बीमची जोडी (अदृश्य किरण मध्ये अडला की कळवणारी) लावा, छपराच्या सावलीत. थेट उन्हात तीही चकते.

दयाळ:
कॅमेरा कठड्याकडे बसवून तोंड घराच्या भिंतीकडे करा. सकाळचं ऊन कॅमेऱ्याच्या पाठीमागून येईल, मागे साधी भिंत दिसेल आणि समोरच्यांच्या खिडक्याही चौकटीत येणार नाहीत.

कबुतरांसाठी थाळीभोवती दीड ते दोन इंची चौकोनाची वेल्डेड जाळी. चिमणी, मुनिया आत जातात, कबूतर नाही. बुलबुलही अडू शकतो, त्याला पपईची फोड जाळीबाहेर खिळ्याला टोचा. दादरचा कबुतरखाना २०२५मध्ये बंद झाला, तेव्हापासून सोसायट्या या बाबतीत जाग्या आहेत, त्यामुळे जाळी लावल्याशिवाय दाणे टाकूच नका.

दाणे म्हणजे बाजरी, राळे, तांदळाची कणी. पाव, फरसाण नको. एका दिवसात संपेल इतकंच घाला. थाळीला ६ मिमीची चार भोकं, छप्पर चहूबाजूंनी ८ सेंमी बाहेर. पावसाळ्यात ओल्या बाजरीला लगेच बुरशी येते. आठवड्यातून एकदा एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी लावून धुवा आणि पूर्ण वाळवूनच परत टांगा. काचेचं सरकतं दार असेल तर दाणापात्र काचेपासून मीटरभराच्या आतच हवं. मधल्या अंतरावरून उडालेला पक्षी वेगाने काचेवर आपटतो.

गवाक्ष:
दार आहे, दाणापात्र काचेजवळ सरकवतो. कॅमेऱ्याच्या डबीत सकाळी बाष्प धरतं, त्याचं काय?

सोल्डरगन:
डबी पूर्ण सीलबंद करू नका. तळाला ३ मिमीचं एक भोक आणि आत सिलिका जेलची पुडी. लेन्स डबीच्या पुढच्या ॲक्रिलिकला भिडवून भोवती काळा फोम लावा, नाहीतर बोर्डावरच्या दिव्याचं प्रतिबिंब फोटोत येतं. राउटरवर २.४ गिगाहर्ट्झ वेगळ्या नावाने ठेवा, हा बोर्ड ५ गिगाहर्ट्झला जोडलाच जात नाही.

दयाळ:
पक्षी ओळखायला मर्लिन ॲपमध्ये भारताचा पॅक उतरवून फोटो त्यात टाका. बोर्डावर ओळखीचं मॉडेल चालवायचा हट्ट असेल तरच पायचा विचार करा.