मधे सेव्ह नसणं ही म्हणे खोट!

खंदकवाला: एका महाशयांनी काल लिहिलंय, ‘प्रोजेक्ट आयजीआय (शत्रूच्या तळात एकट्याने घुसायचा तो कॉम्प्युटर गेम) अवघड नव्हताच, मिशनच्या मधे सेव्ह नव्हतं म्हणून तसा वाटायचा. बनवणाऱ्यांची खोट, बाकी काही नाही.’ वाचून डोकंच फिरलं. अहो, त्या गेमचा जीवच तो होता! तळात शिरण्याआधी टेकडीवरून दुर्बिणीने मनोरे बघायचे, कॅमेरा कुणीकडे वळतो ते बघायचं, अलार्मचं बटण हेरायचं. हे का करायचो? मेलो तर सगळं पहिल्यापासून, म्हणून. हातात क्विकसेव्ह, म्हणजे एका बटणात सेव्ह, दिलं की माणूस विचार करायचा थांबतो.

एफनऊ: ते महाशय मीच. अलार्म वाजला की बराकीतून शिपाई उगवतात, ती बराक तुम्ही आधीच साफ केलेली असली तरी. दुर्बिणीतून हे दिसतं का? अर्धा तास जपून खेळायचं, मग पाठीमागे कुणीतरी उगवणार आणि गेम खलास. याला डावपेच म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. वरून बघत छोटी तुकडी चालवायच्या कमांडोज गेममध्ये (१९९८) हवं तेव्हा सेव्ह करता यायचं. तो काय सोपा होता?

खंदकवाला: मग अलार्म वाजू द्यायचा नाही! आणि कमांडोजचं नाव डावपेचात घेऊच नका. ते कोडं आहे. पहारेकरी ठरलेल्या वाटेने फिरणार, तुम्ही क्रम शोधायचा. सेव्ह, चूक, लोड, पुन्हा चूक.

दबकीपावलं: कमांडोजला कोडं म्हणणाऱ्यांनी पहिली दोन मिशन तरी खेळलीत का? पडद्यावर दिसणारा पहाऱ्याच्या नजरेचा हिरवा पट्टा दोन छटांचा असतो. लांबच्या गडद भागातून सरपटत गेलं तर दिसत नाही, जवळच्या फिकट भागात गेलात की संपलं. त्या सीमेवर ग्रीन बेरेट, म्हणजे आपला चाकूवाला कमांडो, सरपटत असताना पहारेकरी मान वळवतो, तेव्हा कोडं सोडवतोय असं वाटत नाही, घाम फुटतो. मोठा भाऊ शेजारी बसून ‘आता, आता!’ ओरडायचा आणि मी दर वेळी घाईने चाकू चालवायचो. तो अजून चिडवतो त्यावरून.

खंदकवाला: भावाला नमस्कार सांगा. मुद्दा तसाच राहिला. एकच उत्तर असेल ते कोडंच.

दबकीपावलं: एकच? विष टोचणारा हेर, एका गोळीचा हिशेब ठेवणारा स्नायपर, सापळा लावणारा सॅपर. एकाच पहाऱ्याला तीन तऱ्हेने उडवता येतं. तुम्ही कुठेतरी उत्तरं वाचून खेळलात, तो दोष गेमचा नाही.

खंदकवाला: वैयक्तिक होऊ नका!

टाइमयुनिट: दोघंही १९९४चा एक्स-कॉम विसरलात, परग्रहवासीयांशी पाळीपाळीने लढायचा तो गेम. शिपायांना नेणाऱ्या स्कायरेंजर विमानाच्या उतरंडीवर पहिलं पाऊल टाकताच अंधारातून गोळी येते आणि ज्याचं नाव मित्रावरून ठेवलंय तोच शिपाई आडवा. तिथे सेव्ह होतंच, तरी मी लोड करत नसे. शिस्त आपली आपण पाळायची. आणि गंमत ऐका, जुन्या पीसीवरच्या डॉसच्या मूळ आवृत्तीत घोळ होता. सेव्ह लोड केलं की निवडलेली अवघड पातळी गुपचूप सर्वांत सोप्या पातळीवर यायची. पुढचा भाग, ‘टेरर फ्रॉम द डीप’, इतका जीवघेणा निघाला त्यामागे ‘गेम फार सोपा’ या तक्रारीही होत्या.

एफनऊ: म्हणजे वर्षानुवर्षं मिशा पिरगाळणारे बिगिनरवर खेळत होते! वा. खंदकवाले, तुमच्या बाजूचं एवढंच मान्य करतो, जॅग्ड अलायन्स २ या भाडोत्री सैनिकांच्या गेममधला आयर्न मॅन पर्याय मला आवडायचा. चकमक चालू असताना सेव्ह बंद, एरवी मोकळीक. पण तो पर्याय होता. आयजीआयवाल्यांनी विचारलं होतं का मला?

खंदकवाला: विचारलं असतं तर तुम्ही ‘हो’ म्हणाला असता? आयजीआय २ मध्ये दिलंच की मोजकं सेव्ह. मग तो का नाही कुणी आठवत?

दबकीपावलं: कारण पहिला खेळतानाच अर्ध्यांचे कीबोर्ड फुटले होते. आणि कमांडोज कोडं नाही. लिहून घ्या.