मदत हवी आहे: टीमला नवीन पद्धत कशी पटवून द्यायची?

नमस्कार मंडळी, नुकतीच सुपरवायझर झालेय आणि शिफ्ट बदलताना टीमने रजिस्टरऐवजी अ‍ॅपमध्ये नोंद करावी असं हवंय. वरून ऑर्डर आहे म्हटलं की सगळे हो म्हणतात, पण मी पाठ फिरवली की परत रजिस्टरच. फ्रेंच आणि रेव्हन या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये प्रभावाचे पाच आधार मांडले, त्यात पद, बक्षीस, शिक्षा यांच्यासोबत जाणकारी आणि आपल्याबद्दलचा आदरही आहे, मला या शेवटच्या दोनांवरच जायचंय, धाकाने माणूस तेवढ्यापुरतंच करतो. आमचे सगळ्यात सीनियर काका "बघू" म्हणत पेनाचं टोपण काढतात आणि बाकीचे त्यांचंच बघून लिहितात. आधी त्यांच्याशी एकट्याने बोलू की मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्यांचं मत विचारू? कुणी असं केलं असेल तर सुरुवात कशी केलीत ते प्लीज सांगा.